नऊ वाजून आठ मिनिटं

"अण्णा, काल सकाळी नऊ वाजता मी मशीनच्या खोलीत होते म्हणे. नऊला तर मी बनशंकरीच्या स्टॉपवर उभी असते की."

विठाबाई इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या पार्सल कंपनीत फरशी पुसायच्या. आत्ताच खाली रिसेप्शनवर सगळ्यांसमोर त्यांचं ओळखपत्र, दारं उघडायचं कार्ड, काढून घेतलं होतं. खंडोजी बावीस वर्षं तिथले सर्व्हर सांभाळत होते. घरची भाषा दोघांचीही मराठी, त्यामुळे ऑफिसच्या हिंदी-इंग्रजीत अडकलेलं काहीही विठाबाई खंडोजींकडे, त्यांच्या अण्णांकडे, घेऊन येत.

काल सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांनी मुख्य सर्व्हर बंद पडला, आणि कुठलं पार्सल कुठे आहे हे दोन तास कुणालाच सांगता येईना. नवा मॅनेजर ध्रुव याने खोलीच्या दाराच्या नोंदी शोधल्या, नऊपासून सव्वानऊपर्यंत. एकच नाव निघालं, विठाबाईंचं.

खंडोजींनी ध्रुवची कमांड मागवली. वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलला. नोंदी शोधायचं ते टूल नुसती वेळ दिली की ग्रीनिचची धरतं. आपली हवी तर पुढे 'अधिक साडेपाच तास' लिहावं लागतं. ध्रुवने ते लिहिलं नव्हतं. म्हणजे त्याने शोधली होती दुपारची अडीच ते पावणेतीनची वेळ, आणि तेव्हा विठाबाई रोजच त्या खोलीत फरशी पुसत. खंडोजी सहा वर्षं प्रत्येक नव्या माणसाला हे सांगत आले होते. टूलचं माहितीपत्रक सबंध वाचलेले ते एकटेच, आणि ऑफिसात त्यावरून त्यांची थट्टाही व्हायची.

त्यांनी ध्रुवला बोलावलं, विठाबाईंना खुर्ची दिली आणि चष्मा पुसून, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत कमांड नव्याने लिहिली. नऊपासून, अधिक साडेपाच. सव्वानऊपर्यंत, अधिक साडेपाच.

एकच ओळ आली. नाव खंडोजींचं होतं.

मशीनची खोली ऑफिसात सगळ्यांत गार. ताकाची बाटली तिथे मुख्य सर्व्हरच्या मागच्या फळीवर ठेवायची त्यांची जुनी सवय. काल ठेवताना कोपर कशाला तरी लागलं होतं. कशाला, ते त्यांना आत्ता कळलं.

ध्रुव मात्र गोंधळला. नोंद ग्रीनिचच्या वेळेत होती, तीन अडतीसची. तीनचा आपल्याशी काय संबंध, हे टूलच बिघडलंय, असं तो म्हणू लागला. खंडोजींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. विठाबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"त्यात साडेपाच मिळवा सर," खंडोजी म्हणाले. "नऊ वाजून आठ मिनिटं. तो मीच."

ताकाची बाटली त्याच क्षणी बाहेर आली. लेखी ताकीद दुपारपर्यंत येईल असं ठरलं. ध्रुवने खिशातून विठाबाईंचं कार्ड काढून पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला नाही.

"अण्णा, त्यांना सांगा, खाली घेतलंय, सगळ्यांसमोर. खालीच द्यायचं."

खंडोजींनी ते हिंदीत सांगितलं, जराही मऊ न करता.

तिघं जिन्याने चार मजले उतरले. रिसेप्शनवर मुलाखतीला आलेली माणसं बसली होती. त्यांच्यादेखत ध्रुवने चूक झाली म्हटलं आणि कार्ड दिलं. विठाबाईंनी ते गळ्यात घातलं, पदर सारखा केला, गेटला कार्ड लावलं आणि हिरवा दिवा लागताच आत निघून गेल्या.

ध्रुव आणि खंडोजी गेटबाहेर खिसे चाचपत उभे राहिले. दोघांचीही कार्डं वर टेबलावर राहिली होती.