पिवळ्या चिठ्ठीची शाखा

आजोबा तोलेफ नॉर्वेहून अमेरिकेत डकोटात आले, तेव्हा त्यांना सात मुलं होती. म्हणून आमच्या कुळाच्या मेळाव्यात रंग सात. आपण ज्या मुलाच्या वंशातले, त्याच्या रंगाची चिठ्ठी छातीवर टाचायची. निळ्यांनी चर्चच्या तळघरातली चार टेबलं अडवली होती. हिरवे तर मोजवेनात. पिवळा मी एकटाच.

"दारातून हल की रे, अनुंद," बोर्गहिल्ड ओरडली. ती माझी चुलतबहीण; वंशावळ तीच लिहिते. "वर्गणी गोळा करतोयस का?"

"एकीला बोलावलंय."

"या वयात? मग निदान शर्टाची बटणं तरी नीट लाव!"

टेबलावर लांबलचक कागद पसरला होता. माझ्या बापाच्या नावाखाली दोन जागा. एकीत मी, दुसरी कोरी. ती धाकट्या बहिणीची, गुंडाची. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. बापाने तिला एका निपुत्रिक स्वीडिश जोडप्याला देऊन टाकलं. ती माणसं पुढे मोंटानाकडे निघून गेली. आमच्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

मी विशीत असताना तीन पत्रं आली. मी आठव्या वर्षापासून नांगरामागे. शाळा पाहिलीच नव्हती. बाप म्हणाला, बियाणेवाल्यांची आहेत. मी ती शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाद्रीबाबांच्या बायकोने मला अक्षरं शिकवली, तेव्हा उघडली. 'दादा, मला न्यायला ये,' तिन्हींत हेच. त्या पत्त्यावर लिहिलं, तर पत्र परत आलं.

या मार्चमध्ये पेपरात गुंडाची मृत्युवार्ता दिसली. मागे मुलगी मार्लिस, असं लिहिलं होतं. भावाचा उल्लेख नव्हता. मार्लिसला मी माझ्या हाताने पत्र लिहिलं, तिच्या आईची तीन पत्रं माझ्याकडे आहेत, हेही कळवलं.

ती आली. साठीची, उंच. कोट काढला नाही.

"तुम्ही अनुंद?"

"हो. ये, बस. बटाट्याची लेफ्सा पोळी गरम आहे."

"खायला नाही आले. आईने तीन पत्रं धाडली होती. उत्तर का नाही दिलंत?"

"वाचता येत नव्हतं मला."

"कुणाकडून वाचून घेता आलं असतं."

ते खरंच होतं. पोस्टातली बाई होती, पाद्री होते.

"लाज वाटली," मी म्हणालो. "आणि बापाची भीती. बियाणेवाला हाताने पत्र लिहीत बसत नाही, एवढं मलाही कळत होतं."

मी दुसरी पिवळी चिठ्ठी पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"आई सांगायची, तिला एक भाऊ होता, तो वारला," ती म्हणाली. "तिचं नाव लिहा. ती इथलीच होती. मला दोन मुलं आहेत, पाच नातवंडं. आम्हाला नका लिहू."

एकदा तरी मामा म्हणेल, असं वाटलं होतं. ती जिना चढून गेली.

बोर्गहिल्डने पेन्सिलीला टोक केलं. "बोल. गुंडाखाली कोण कोण?"

मी पेन्सिल मागून घेतली. गुंडाचं नाव लिहिलं, जन्माचं साल, मरणाचं साल. बराच वेळ लागला.

"आणि पुढे? मुलं?"

"पुढे कोणी नाही," मी म्हणालो.

बोर्गहिल्डने पट्टी ठेवली आणि नावाखाली आडवी रेघ मारली, निपुत्रिकांच्या खाली मारते तशी.