रबरी गांडुळाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं रबरी गांडूळ आहे. हसा, खुशाल हसा. गांडूळ म्हटलं की माणसं नाक मुरडतात आणि रबरी म्हटलं की हसतात, याची मला सवय आहे. पण आज मी चिडलो आहे, तेव्हा ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. अंग बोटाएवढं, मऊ, शेवाळी रंगाचं. त्यात मीठ कालवलं, माशांना आवडावं म्हणून लसणीचा वास लावला आणि भावंडांसकट पाकिटात भरून मला कॅनडातल्या कनाटा गावी एका दुकानात टांगलं. तिथून शैलेंद्रने आम्हाला नेलं. हा मूळचा वाईचा, इथे टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर.

माझं काम नाजूक. मला छोट्या गळात ओवायचं, पाण्यात सोडायचं आणि मग काहीही करायचं नाही. मी तळाशी नुसता पडून राहतो, शेपूट किंचित हलते आणि बॅस नावाचा मासा न राहवून तोंड उघडतो. म्हणजे, उघडायला हवं. पण शैलेंद्रला धीर कुठला? मी तळाला टेकतोय न टेकतोय तोच तो मला खेचून बघायचा. ऑफिसात काम दिल्या दिल्या 'काय अपडेट?' विचारायची सवय, तीच इथेही. मासा यायचा, बिचकायचा आणि निघून जायचा. माझं डोकं फिरायचं.

त्या तळ्यावर मात्र त्याचा खरा जीव होता. तळं सगळ्यांचं. एका कडक हिवाळ्यात बर्फाखाली तिथले मासे गुदमरून मेले होते. पुढे सरकारी माणसांनी बॅसची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आणून सोडली, तेव्हा शैलेंद्र आणि त्याची बायको शीला, दोघंही बादल्या वाहायला गेले होते. ते मासे वाढावेत म्हणून काठावर पाटी लावली आहे, की पकडलेला मासा परत सोडा. शैलेंद्र ती पाटी मनापासून पाळायचा. त्यांना 'आपले मासे' म्हणायचा. आणि हाच माणूस, माझं एखादं भावंड फाटलं की गळातून काढून पाण्यात भिरकावायचा. कचऱ्याचा डबा पार्किंगजवळ होता ना, तिथवर कोण जाणार? मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण रबराला आवाज नसतो.

या उन्हाळ्यात त्याची आई, ताराबाई, वाईहून आल्या. घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालण्यात त्यांचा जन्म गेलेला. इथेही त्या डबाभर गोळ्या घेऊन तळ्यावर आल्या. शैलेंद्रने त्यांना थांबवलं. इथे माशांना खायला घालत नाहीत, असं बजावलं. त्या बिचाऱ्या रिकाम्या हातांनी बसून, लेक फाटकी गांडुळं पाण्यात टाकतो ते बघत राहिल्या.

एकदा तो मला गळात ओवून गाडीतून पाणी आणायला गेला. ताराबाईंनी आमचं पाकीट उघडलं. वास घेतला, बोट चाखून पाहिलं. मीठ आहे, लसूण आहे, म्हणजे इथल्या माशांचं खाणं हेच, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी हात जोडले आणि माझी सगळी भावंडं तळ्यात सोडली. पाकिटाची घडी करून पिशवीत ठेवली. शैलेंद्रला वाटलं, पाकीट कुठेतरी पडलं.

पुढच्या वीकेंडला त्याच्याकडे मी एकटाच उरलो होतो. त्याने मला पाण्यात सोडलं आणि नेमका त्याला कामाचा फोन आला. रॉड मांडीवर ठेवून तो बोलत बसला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खेचलं नाही. मी निवांत पडून राहिलो. बॅस आला आणि त्याने मला तोंडात घेतलं. मित्रांनो, काय आनंद झाला मला! याच क्षणासाठी तर मला घडवलं होतं.

शैलेंद्रने मासा वर काढला. वीतभर, पण पाठ सुकलेली, पोट टणक. तोंड उघडलं तर आत घशातून एक शेवाळी शेपूट बाहेर आलेली. ते माझं भावंड होतं.

"आई, हे याच्या पोटात कसं गेलं?"

"मीच घातलं ना खायला," ताराबाई कौतुकाने म्हणाल्या. "खाल्लं का त्याने?"

"अगं, ते फूड नाहीये. प्लास्टिक आहे. आत ब्लॉक होऊन मरतात ते."

ताराबाईंचा चेहरा उतरला. मग त्या हळूच म्हणाल्या, "मग तू का टाकत होतास रे?"

शैलेंद्रने चिमट्याने भावंडाला अलगद ओढून काढलं आणि मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला. तो एका अंगावर कलंडत खोल गेला. वाचला की नाही, कुणास ठाऊक.

आता मायलेक रोज सकाळी जाळी घेऊन काठ चाळतात. थोडी भावंडं सापडली, बाकीची खोल आहेत. मी गाडीत, कप ठेवायच्या खाचेत पडून असतो. मित्रांनो, आम्ही फाटलो तर आम्हाला खिशात घालून घरी न्या, एवढंच मागतो. शैलेंद्रने कणकेला मनाई केली होती. ती संध्याकाळपर्यंत विरघळून गेली असती. आम्ही अजून तिथेच आहोत.