जरासं राहिलंय

सगळी गल्ली त्याला जरासेराव म्हणायची. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर दिसायला हवं होतं, पण पाटी रंगवायची जराशी राहिली होती. "काय हो, कपाट झालं का?" असं कुणी विचारलं की हा सुतार हातातला काचपेपर न थांबवता म्हणायचा, "झालंच आहे. जरासं राहिलंय." मास्तरीणबाईंचं पुस्तकांचं कपाट नुसत्या मुठींपायी अडलं होतं. शिंप्याच्या टेबलाला पाय होते, फळी होती, खण होता, फक्त पॉलिशचा शेवटचा हात नव्हता, आणि तो हात मनासारखा होईपर्यंत बिचारा शिंपी जमिनीवर मांडी घालून कापड बेतत होता. आळशी म्हणावं तर तसंही नाही, बरं का. दिवस उजाडल्यापासून हा माणूस राबायचा, जेवायला चार हाका मारल्याशिवाय उठायचा नाही. एवढं राबून दुकानातून बाहेर पडलेली वस्तू मात्र शोधावी लागायची.

गिऱ्हाइकांना तोंड देता देता बायकोच्या नाकी नऊ आले होते. पण गिऱ्हाइकं परकी असतात, चडफडतात आणि जातात. आता अडलं होतं ते घरचंच काम.

दुकान खाली, घर वर. मध्ये अरुंद, उभा जिना, दोन्ही बाजूंना भिंती, धरायला काही नाही. या जिन्यावरून म्हातारे बाबा उभी हयात चढले-उतरले, आणि याच जिन्यावरून घसरून खुबा मोडून बसले. ऑपरेशन झालं, पाऊल टाकायला लागले, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धरायला दांडा नसेल तर जिना चढायचा नाही. ताईचं घर तळमजल्यावर, एकही पायरी नाही. ती न्यायला तयारच होती. बाबा तयार नव्हते. "तिकडे गेलो की परत कोण आणतंय मला?" ते मुलाला हॉस्पिटलात म्हणाले होते. "मला माझ्या खिडकीत बसायचंय. खालून रंध्याचा आवाज आला की मला बरं वाटतं. तेवढा दांडा लाव रे."

गवंड्यानं भिंतीत दांडा धरायचे लोखंडी पंजे कधीच बसवून दिले होते. दांडाही तयार होता. म्हणजे, जरासा राहिला होता.

त्या दिवशी सकाळी ताई दुकानात शिरली तेव्हा तो दांड्याला काचपेपर मारत होता.

"आज दुपारनंतर सोडतायत बाबांना," ती म्हणाली. "दांडा लागला?"

"झालाच आहे गं, जरासं..."

"पुढचं बोलू नकोस!" ताईनं पिशवी टेबलावर आपटली. "मी गाडी घेऊन हॉस्पिटलात जातेय. तिथून इकडे येईन. दांडा असला तर बाबा वर. नसला तर तशीच गाडी वळवून माझ्याकडे. आणि एकदा माझ्याकडे आले की मी काही त्यांना पुन्हा या जिन्याच्या तोंडी देणार नाही, सांगून ठेवते."

ताई बोलेल ते करते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ती गेली तसा त्यानं दांडा खांद्यावर घेतला, जिन्यात नेला आणि पंजांवर ठेवला. आणि दांडा खुळखुळला.

त्यानं पुन्हा नीट बसवून पाहिला. पुन्हा खुळखुळ. घट्ट बसायला हवा तो दांडा लोखंडी पंजात या कडेचा त्या कडेला हलत होता. आज थोडा घास, उद्या थोडा घास, असं करत या शहाण्यानं दांडा घासून घासून बारीक करून ठेवला होता!

बायको मागे येऊन उभी राहिली. तिनं दांड्याला हात घातला, आणि हात सर्रकन खाली घसरला. तेल पाजून पाजून दांडा आरशासारखा गुळगुळीत झालेला.

"छान," ती म्हणाली. "बाबांना वर जायचंय की घसरगुंडी खेळायचीय?"

"पंजात रबराची पट्टी घातली तर..."

"बाबांचा जीव रबराच्या पट्टीवर टांगायचाय का? अहो, दुसरा करा!"

"दुसरा? अगं, याला मी किती दिवस..."

"तेच म्हणतेय मी. याला किती दिवस दिलेत, आणि हे असं झालं."

तो पायरीवर बसला. राग आला होता, पण कुणावर काढायचा? घासणारा हात तर त्याचाच होता. मग त्याला बाबांचा अंगठा आठवला.

लहान असताना, बाबा हे दुकान चालवत तेव्हा, त्यानं पहिलं स्टूल केलं होतं. बाबांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले आणि म्हणाले, "इथं राहिलंय." चुकीचं नव्हतंच ते. पण पुढं प्रत्येक वस्तूवर तो अंगठा फिरला आणि प्रत्येक वेळी कुठं ना कुठं राहिलेलंच निघालं. मग पोरानं हळूच एक युक्ती शोधली. वस्तू संपलीच नाही तर अंगठा येणार कुठून? काम चालू आहे म्हटलं की कुणी नाव ठेवत नाही. बाबांनी धंदा सोडून खिडकी धरली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण हा आपला अजून त्या अंगठ्याला भिऊन घासतोय! स्वतःची पोरगी कॉलेजात जाते, कानावरचे केस पांढरे झाले, आणि भीती तीच. त्याचं त्यालाच हसू आलं.

"हसताय काय?" बायको म्हणाली. "गाडी येईल आता."

तो उठला. फळीवरचा काचपेपरचा सगळा गठ्ठा त्यानं तिच्या हातात दिला.

"यावर बस."

"काय?"

"स्टूल घे, हा गठ्ठा त्याच्यावर ठेव आणि वर बस. मी कितीही गयावया केली तरी उठायचं नाही. आणि मी एका जागी रेंगाळताना दिसलो की म्हणायचं, पुढं!"

बायकोला असलं अधिकाराचं काम आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. ती पदर खोचून बसलीच.

कोपऱ्यात एक लांब, पिकलेलं, बिनगाठीचं लाकूड उभं होतं. एका पलंगासाठी त्यानं राखून ठेवलेलं. पलंगही अर्थातच राहिलेला. ते त्यानं आडवं घातलं, करवतीनं फाडलं, जाड चौकोनी दांडा काढला. पंजाचं माप घेतलं. एकदाच घेतलं. दुसऱ्यांदा पट्टी लावायला हात गेला तोच मागून आवाज आला, "पुढं!"

रंधा चालू लागला. चार कोपरे उतरले, आठ कडा झाल्या. लांबलचक, पातळ सालं पायाशी पडायला लागली. किती दिवसांनी असा सलग रंधा मारत होता तो! हात आपोआप पुढं जात होता, पुढचा फटका कुठं द्यायचा हे त्याला विचार न करता कळत होतं. हे आपल्याला येतं, चांगलं येतं, हे तो विसरूनच गेला होता.

एका कडेपाशी तो थबकला. "इथं जरासं..."

"पुढं!"

"अगं, खरंच खरखरीत आहे."

"धरायला बरं! पुढं!"

त्यानं दांडा हातात घेऊन पाहिला. खरंच, कडांमुळे मूठ पक्की बसत होती. पूर्ण गोल करायची गरजच नव्हती. धारा तेवढ्या मोडल्या, टोकं उतरवली, ओल्या फडक्यानं पुसलं आणि दांडा जिन्यात नेला. पंजांनी तो असा पकडला की हलायचं नाव नाही. खालून स्क्रू पिळले. शेवटच्या स्क्रूला बायको स्टूल सोडून बघायला आली, आणि नेमका बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

ताईनं बाबांना धरून आत आणलं. तिनं आधी जिन्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग पुन्हा जिन्याकडे. "लागला?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बाबा पहिल्या पायरीशी उभे राहिले आणि दांड्यावर हात ठेवला. अंगठा हलला. हळूहळू वर सरकला, खाली आला, पुन्हा वर गेला, आणि एका जागी थांबला.

"इथं राहिलंय," बाबा म्हणाले.

 सुताराच्या जिभेवर जुनी सवय आलीच होती, काढतो बाबा, पुन्हा एकदा घासतो. बायको त्याच्याकडे बघत होती. ताईच्या हातात गाडीची किल्ली होती.

"नाही राहिलं, बाबा," तो म्हणाला. "झालंय. कड मुद्दाम ठेवलीय, मूठ बसायला. चढा तुम्ही."

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "झालंय म्हणतोस?"

"झालंय."

"मग झालं." बाबांनी मूठ आवळली, सगळा भार दांड्यावर टाकला आणि पहिली पायरी चढले. दांडा जरासुद्धा हलला नाही. मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबले तेव्हा ताईनं डोळे पुसले आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

बाबा खिडकीत बसले. चहा प्याले. मग खाली कान लावून म्हणाले, "काय रे, आवाज का येत नाही? काम नाही का आज?"

तो खाली आला. मास्तरीणबाईंचं कपाट समोर उभं होतं, मुठी डब्यात पडून होत्या. त्यानं दाराचा एक कोपरा बघितला, जरासा खरखरीत वाटला. हात फळीकडे गेला. फळी रिकामी होती. गठ्ठा अजून स्टुलावरच होता. त्यानं हात परत घेतला, स्क्रू घेतले आणि मुठी बसवल्या. दार उघडलं, लावलं, उघडलं. छान चाललं.

"झालं!" तो एवढ्यानं ओरडला की शिंपी गल्लीपलीकडून डोकावला.

वरून बाबांचा आवाज आला, "काय झालं?"

"कपाट!"

"असं? वर आण बघू. अंगठा फिरवतो."

सुतार जिन्याच्या तोंडाशी आला, दांड्यावर कोपर टेकवून उभा राहिला आणि हसत म्हणाला, "मी नाही आणत. बघायचं असेल तर तुम्हीच खाली या. दांडा आहे की!"