नळाला पाणी नव्हतं म्हणून वाचलेली पिशवी

मी बोलतेय, फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून. खाकी कागदाची साधी पिशवी. अंगभर सुरकुत्या आहेत, तळाशी लोण्याचा डाग आहे. पण हातात काम आहे तोवर स्वतःला म्हातारी म्हणवून घेणार नाही.

कारखान्यातून आम्ही बहिणी गठ्ठ्यानं एका बेकरीत आलो. एका सकाळी बेकरीवाल्यानं मला फुंकर मारून उघडलं, गरम पाव भरले आणि एका बसचालकाच्या हातात दिलं. आमच्या कुळाचं आयुष्य दुकानापासून घरापर्यंतच. पाव संपले की आमचा बोळा होतो.

पण त्या चालकाची बायको निराळी. तिला सगळी गल्ली ताई म्हणते, कारण तिचा धाकटा भाऊ दारातून ‘ताई’ अशी हाक मारतो की शेजारचेही ओ देतात. ताईनं मला तळव्यानं सपाट केलं, घडी घातली आणि चमच्यांच्या खणात ठेवलं. असू दे, लागेल कधीतरी, म्हणाली. तिला काहीच टाकवत नाही. म्हणून तर पुढची गोष्ट तिच्या जिवाला लागायची.

भाऊ मश्रूम पिकवायच्या शेडमध्ये कामाला. वाकडेतिकडे मश्रूम दुकानात जात नाहीत, ते कामगारांत वाटतात. आपला वाटा तो दर आठवड्याला बहिणीकडे आणायचा. पहिल्या वेळी ताई कौतुकानं म्हणाली, मला फार आवडतात रे. झालं! पुढच्या वेळी दुप्पट आले, त्याच्या पुढच्या वेळी त्याहून जास्त.

आता ताईची एक सवय. बाहेरून आलेल्या वस्तूला आंघोळ घातल्याशिवाय घरात जागा नाही. मश्रूमही ती आल्या आल्या घमेल्यात बुडवायची, चोळून धुवायची आणि ओलेच घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबायची. खणाच्या फटीतून मी बघत असे. मश्रूम ही पाणी दिसलं की पिणारी जात. दोन-तीन दिवसांत सगळे बुळबुळीत. मग ताई तोंड फिरवून डबा बादलीत रिकामा करायची. नवरा म्हणायचा, आपल्या घरात सगळ्यात चांगलंचुंगलं कचऱ्याची बादलीच खाते. ती हसायची नाही.

संपले का, असं भावानं विचारलं की हिचं उत्तर ठरलेलं, चाटूनपुसून. मग तो आणखी आणायचा.

सांगून टाक ना एकदा, असं नवरा म्हणाला तेव्हा ती हळूच बोलली, “अहो, आई गेल्यापासून त्याला काही घेऊन जायला दुसरं घर आहे का? नको म्हटलं तर यायचाच थांबेल.”

एके दिवशी गल्लीतला पाइप फुटला आणि नळ कोरडे पडले. नेमका त्याच दिवशी भाऊ भलामोठा ढीग टाकून गेला. धुवायला थेंब नाही. ताईनं खण ओढला, मी हाताला लागले. तिनं मश्रूम तसेच माझ्यात ओतले, तोंड सैलसं दुमडलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. उद्या धुवू, म्हणाली. पण पाणी आलं तेव्हा कपड्यांचा आणि भांड्यांचा डोंगर साचला होता. मला ती विसरूनच गेली.

चार-पाच दिवसांनी आठवलं तेव्हा ती नाक दाबूनच मला बादलीकडे घेऊन निघाली. माझा जीव टांगणीला. मश्रूमना सुटलेला घाम मी सगळे दिवस पीत बसले होते, तेवढंच माझ्या हातात होतं.

तिनं आत डोकावलं. एक मश्रूम अंगठ्यानं दाबून पाहिला. मग दुसरा. मग नाकावरचा हात काढला.

“अहो, जरा इकडे या.”

सगळे कोरडे, घट्ट. त्या संध्याकाळी घरात गडबड उडाली. ओल्या फडक्यानं पुसून अर्धे कांद्याबरोबर परतले. देठ बारीक चिरून सूपमध्ये गेले. उरलेल्यांच्या चकत्या पाणी आटेपर्यंत परतल्या, निवल्या आणि छोट्या डब्यांतून बर्फाच्या कप्प्यात गेल्या. नवऱ्यानं बादलीचं झाकण उचललं आणि म्हणाला, बिचारी आज उपाशी.

पुढच्या आठवड्यात भाऊ दोन पिशव्या घेऊन हजर. ताईनं त्याला सूप वाढलं आणि समोर बसली.

“एक सांगू? इतके आणू नकोस. मागचे बरेचसे टाकले मी. धुऊन ठेवायचे आणि सडायचे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

त्याचा चमचा वाटीतच थांबला. मी ओट्यावर होते, मलाही कुठे बघावं कळेना.

“ताई, तुला आवडतात म्हणून मी सोबत्यांचाही वाटा मागून आणत होतो. बदल्यात शेडमधल्या त्यांच्या वाटणीच्या खोल्या झाडायचो. कंबर गेली माझी.”

नवऱ्याला ठसका लागला. मग ताईला हसू फुटलं, आणि कंबरेवर हात ठेवून भाऊही हसला. शिजवायच्या इतके दिवस आधी मश्रूम कुणी धुऊन ठेवतं का, निदान विचारायचंस तरी, तो म्हणाला. तू तरी सांगायचंस, ती म्हणाली.

निघताना चप्पल घालता घालता त्यानं खाली बघून विचारलं, “मग येऊ ना दर आठवड्याला?”

“मश्रूम अर्धे आण. तू मात्र अख्खा ये.”

आता तो हलक्या हातानं येतो आणि जास्त वेळ बसतो. माझा तळ पातळ झालाय. फाटले की ताई माझे तुकडे करून कुंडीतल्या मातीत घालणार आहे. पावाच्या पिशवीला याहून चांगला शेवट कुठला?

तुमच्याकडेही पावाबरोबर माझी एखादी बहीण येईल. तिचा लगेच बोळा करू नका. तिच्यात मश्रूम कोरडेच ठेवा, तोंड घट्ट आवळू नका, आणि आत काय आहे ते अधूनमधून बघत जा.

थांबा, दारात हाक आली. शेजारच्यांनी ओसुद्धा दिली. चला, मला बाहेर काढा, काम आलं.