हिंदुराव आबा रजेवर आहेत

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीत आयटीचं ऑडिट जवळ आलं की सगळ्यात आधी कुंड्या येतात. भाड्यानं. मग पायपुसणी बदलतात, लोंबणाऱ्या वायरी चिकटपट्टीनं भिंतीला लागतात, आणि सर्व्हर रूममध्ये वर्षभर नांदणारी लोणच्याची बरणी कुणाच्या तरी डिकीत जाते. आमचे आयटी मॅनेजर अनिमेष साहेब हे सगळं जातीनं उभं राहून करून घेतात. एरवी हा माणूस चहा प्यायलाही खुर्चीतून उठत नाही.

मी दीप्ती, त्यांच्या हाताखाली काम करते. कॉम्प्युटरवर कुणाचं खातं उघडलंय, गेलेल्या माणसाचं बंद केलंय का, बॅकअप खरंच घेतला जातो का, हे दर महिन्याला बघायचं असतं. तेवढं केलं की ऑडिट कधीही येवो, धावपळ होत नाही. हे सांगायला गेले की साहेब हसायचे. ‘दीप्ती, पाहुणे मुलगी बघायला यायच्या आधी महिनाभर कुणी पोहे करून ठेवतं का?’ या विनोदावर ते स्वतः इतके खूश होते, की प्रत्येक मीटिंगमध्ये आम्हाला तो ऐकावा लागायचा. आणि लोक हसायचेही, पगारवाढ जवळ आली की जरा जास्तच.

हिंदुराव आबा म्हणजे डेअरीतला पहिला माणूस. इंदापूर तालुक्यातल्या डाळजच्या संकलन केंद्रावर त्यांनी आयुष्य काढलं, उतारवयात कॉम्प्युटरही शिकले. ते वारले आणि त्यांच्या जागी त्यांची सून सुप्रिया हंगामी म्हणून लागली. खातं मात्र आबांचंच राहिलं. ती रोज आबांच्या नावानं, आबांच्याच पासवर्डनं नोंदी करायची. पडद्यावर आबांचं नाव उमटलं की केंद्रावरची माणसं हात जोडायची, दसऱ्याला त्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालायची. ती साधी माणसं, त्यांची माया खरी होती. पण मी खातं बंद करायचा विषय काढला की अनिमेष साहेबही आवाज खाली आणायचे. ‘शेठना वाईट वाटेल गं. आबांचं नाव असं कसं पुसायचं?’ माया वगैरे काही नव्हती. नवं खातं उघडायचं तर मंजुरीसाठी चार दारं हिंडावी लागली असती, एवढंच. आळसाला इतकं सोवळं नेसवलेलं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

भोगत होती सुप्रिया. कायम करा म्हणून अर्ज घेऊन आली, तेव्हा ऑफिसनं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, तुझ्या नावावर एका दिवसाचंही काम नाही.

“मग रोज पहाटं दुधाची फॅट कोण लावतंय? भूत?” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, ऑडिट झालं की बघू. तिची हंगामी मुदत त्याच महिनाअखेरीला संपत होती. त्यानंतर तिला घरीच बसावं लागणार होतं, आणि साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं.

ऑडिटच्या दिवशी साहेबांना आणखी एक कल्पना सुचली. दाराशी आबांचा मोठा फोटो आहे, त्याला त्यांनी ताजा हार घातला. बाहेरच्या माणसाला आपले संस्कार दिसले पाहिजेत, म्हणे. शिवाय प्रत्येक केंद्रावरून एक माणूस इस्त्रीच्या कपड्यांत बोलावला होता. सुप्रियाही सकाळचं संकलन उरकून आली आणि बाहेर बाकावर बसली.

ऑडिटला उत्कर्षा मॅडम आल्या होत्या. कुंड्यांकडं त्यांनी बघितलंही नाही. आमचे मालक रघुनाथ शेठ शेजारी बसले होते. मॅडमनी पडद्यावर नोंदी उघडल्या आणि एका नावावर बोट ठेवलं.

“हे हिंदुराव जगदाळे. दोन वर्षांत एकही सुटी नाही. फार कष्टाळू दिसतात. जरा बोलवा त्यांना.”

शेठनी चमकून वर बघितलं. अनिमेष साहेब मात्र तयारीतच होते. “ते रजेवर आहेत, मॅडम.”

“आज पहाटे तर कामावर होते.”

“दुपारपासून रजा. देवदर्शनाला गेलेत.”

“असं? दाराशी एक फोटो आहे, ताजा हार घातलेला. खाली कैलासवासी हिंदुराव जगदाळे असं लिहिलंय. तेच का हे?”

साहेबांच्या कपाळावर घाम आला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. “दीप्ती, खातं बंद का केलं नाहीस?”

“दर महिन्याला विचारत होते. शेठना वाईट वाटेल, असं तुम्हीच म्हणायचात.”

“मला?” शेठ उसळले. “मला कुणी इचारलं? आबा गेल्यावर खांदा दिलाय मी त्यांना. मला म्हाईत न्हाय व्हय ते गेल्यालं?”

आता साहेबांना बळी हवा होता. त्यांनी सुप्रियाला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिच्यावर तोंड सोडलं. “मॅडम, हिनं पासवर्ड चोरला! दोन वर्षं ही बाई रोज पहाटे आबांच्या नावानं बसते. एक दिवस चुकवलेला नाही. डाळजची एकूण एक नोंद हिनं केलीय, दुसऱ्या कुणाचाही हात लागलेला नाही. मी शपथेवर सांगतो!”

मॅडम शांतपणे लिहून घेत होत्या. सुप्रियाचा चेहरा आधी उतरला, मग ती नीट ऐकू लागली. साहेबांचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली आणि शेठकडं वळली.

“शेठ, ऐकलंसा न्हवं? माझ्या नावावर एका दिसाचं काम न्हाय म्हणत हुते. पासवर्ड आबांनी मरायच्या आधी माझ्या हातात दिला, ह्यास्नी ठावं हाय. पर ऱ्हाऊ द्या. दोन वरसं मीच राबले, ह्ये साहेब सोताच्या तोंडानं सांगत्यात. आता तर मला कायम कराल?”

शेठनी साहेबांकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाले, “हिचा कायमचा कागद आजच काढाय सांग. अन् हिच्या नावाचं खातं आत्ता उघड, माझ्यासमोर.”

चार दारांची ती मंजुरी चहा निवायच्या आत झाली. खिडकीतून दिसत होतं, मॅडमची गाडी अजून फाटकातून बाहेर पडत होती आणि साहेब कुंड्या टेम्पोत चढवायला सांगत होते. पुढच्या वर्षी कुंड्या पुन्हा येतील, साहेबही असतीलच. असल्या माणसांना कुठल्याच ऑडिटचं भय नसतं.

मी आबांचं खातं बंद करायला गेले, तेव्हा सुप्रिया म्हणाली, “जरा थांबा ताई.” पडद्यावरच्या नावाला तिनं हात जोडले.

“आबा, मेल्यावर बी लई राबवलं तुमाला. आता घ्या रजा.”