खालची बाजू

“टेक, टेक!” खालून लांबू म्हणाला, आणि वर उलट्या पावलांनी चढणारा गिड्डू जागीच थांबला.

सव्वीस वर्षांत हा शब्द दोन वळणांच्या मधे कधी आला नव्हता. लोखंडी कपाट जिन्यावर चढवायचं तर टेकायचं ते फक्त वळणावरच्या सपाट जागेत, हा दोघांचा नेम. पायरीवर टेकलं की फरशीची कड उडते, गिऱ्हाईक ओरडतं आणि कपाटांच्या दुकानाचा मालक मजुरीतून कापतो. वरचा पायऱ्या मोजतो, वळण सांगतो. खालच्याला कपाटाशिवाय काही दिसत नाही, त्यानं नुसतं रेटायचं. लांबू ताडमाड म्हणून खाली आणि गिड्डू ठेंगणा म्हणून वर, हे मालकानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. दोघांची ही नावंही तेव्हाच पडली. मजुरी मात्र अर्धी-अर्धी.

लांबूनं कपाटाला खांदा लावला आणि एका हातानं जांघेतला फुगवटा आत दाबला. गेलं वर्षभर तो हेच करत होता. दुखणं अंगावर काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. गिड्डूनं विचारलं की सांगायचा, गॅस आहे.

“गॅस जांघेत कधीपासून उतरायला लागला रे?” गिड्डूनं वरून विचारलं आणि हसला. पुढचे चार दात नसल्यामुळे तो एरवी तोंडावर हात धरून हसायचा. आता दोन्ही हात अडकले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं लांबूला ओढतच दवाखान्यात नेलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनचा नंबर नऊ महिन्यांनी लागणार होता. “एवढ्यात तर मूल होतं,” गिड्डू म्हणाला, आणि दोघं खासगी दवाखान्यात गेले.

तिथली डॉक्टर त्यांना मुलगी शोभेल अशा वयाची होती.

“हर्निया आहे काका. पोटाची भिंत फाटलीय, आतडं त्यातून बाहेर येतंय. एखाद्या दिवशी अडकलं तर जिवावर बेतेल. वजन किती उचलता?”

“अर्धं,” लांबू म्हणाला.

“अर्धं म्हणजे?”

“कपाटाचं. अर्धं मी, अर्धं हा.”

डॉक्टरनं हातातली फाइल तिरकी धरून दाखवली. “जिन्यावर कपाट असं होतं ना? मग भार खालच्यावर जास्त येतो. वरच्याकडे कमी.” एवढं बोलून ती पुढचं लिहायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. शेजारच्या खुर्चीतला गिड्डू मात्र एकदम सावरून बसला.

पैसे भरायच्या खिडकीवरच्या बाईनं आकडा सांगितला. ऑपरेशन, भूल, खोली, औषधं मिळून अठ्ठावन्न हजार. जाळी वेगळी.

“जाळी कसली?”

“फाटलंय तिथे आतून बसवतात. साधी सात हजार, भारी बावीस.”

एरवी गिड्डूनं विचारलं असतं, मासे धरायचेत का म्हणून. त्या दिवशी तो हातातला केसपेपर तिरका धरून बघत राहिला.

लांबूच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. साठलेले चोवीस होते, तिचा भाऊ बारा देईल म्हणाली. “साधी जाळी धरली तरी पासष्ट. आणि वर तीन महिने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणताय. त्या तीन महिन्यांचे कुठल्या खिडकीवर भरायचे?”

लांबू म्हणाला, “पट्टा बांधतो. दोनेक वर्षं निघतील.” आणि दोन आठवडे त्यानं खरंच कपाट बांधायचा जुना पट्टा कमरेला आवळून कामं केली. ऑपरेशनला पैसे हवेत म्हणून जास्तीची कपाटंही घेतली. याला काय म्हणावं?

एका सुट्टीच्या सकाळी गिड्डू घरी आला. त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. “बावीस आहेत.”

“तुझ्या कवळीसाठी साठवलेले?”

“होय.”

“उसने घेतो. पण फेडायला—”

“उसने नाहीत. मजुरी आहे. जिन्याची.” गिड्डू जमिनीकडे बघत होता. “त्या पोरीनं फाइल धरून दाखवली तेव्हापासून झोप नाही मला. सव्वीस वर्षांचा हिशेब काढायला बसलो, डोकं चालेना. होते तेवढे आणले.”

लांबूनं पाकीट त्याच्याकडे सरकवलं. “मी मागितले का तुझ्याकडे? अर्धं-अर्धं होतं आपलं. आता तू सांगणार, नव्हतं म्हणून? उचल ते.” पैशांपेक्षा हेच त्याला लागलं होतं. उभ्या आयुष्यात बरोबरीचं म्हणावं असं एकच नातं त्याला मिळालं होतं.

गिड्डूनं पाकीट उचललं नाही. ते लांबूच्या बायकोनं उचललं.

“भावजी, बसा. चहा टाकते,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “तुमचा मान मी जपून ठेवीन. आतडं अडकलं तर ते मला सोडवता येणार नाही.”

उरलेल्या पैशांसाठी तिनं बांगड्या मोडल्या. ऑपरेशन झालं, साधी जाळी बसली.

आठव्या आठवड्यात लांबूला घरात बसवेना. चालायला डॉक्टरांची परवानगी होती, म्हणून तो पायी दुकानावर गेला. तिथून मालकानं सांगितलेल्या इमारतीत. खालीच त्याला कपाट दिसलं. वरच्या बाजूला एक नवा गडी होता, त्याला पायऱ्या मोजायची सवय नव्हती. खालच्या बाजूला गिड्डू. कपाटामागे तो जवळजवळ दिसतच नव्हता, नुसती पावलं दिसत होती.

“मी खालची बाजू मागून घेतली,” गिड्डू कपाटाआडून म्हणाला. “तू घरी जा.”

लांबू घरी गेला नाही. तो नव्या गड्याच्या पुढे गेला आणि रिकाम्या हातांनी उलटा चढायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला जिना वरून दिसत होता. “एक. दोन. तीन. डावीकडे घे. चार.”

दुसऱ्या मजल्याच्या पुढे खालून येणारा श्वास त्याला ओळखू आला. तो श्वास त्यानं स्वतः सव्वीस वर्षं घेतला होता. वळण अजून सहा पायऱ्या दूर होतं. गिड्डू स्वतःहून ‘टेक’ म्हणणार नाही, हे त्याला माहीत होतं.

“टेक,” लांबू म्हणाला.

“इथे? पायरीवर?” नव्या गड्यानं विचारलं.

“टेक म्हणतोय ना.”

कपाट पायरीवर टेकलं, फरशीची कड जराशी उडाली. तिघंही श्वास खाली बसेपर्यंत तसेच उभे राहिले.