मृदुंगाची कणीक

कुवेतमध्ये खैरानच्या शॅलेत, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यात, शुक्रवारी दुपारी तीन वाजता, जयरामच्या मृदुंगाची डावी बाजू पोळी होऊन टुंडेसरांच्या पोटात गेली. आणि टुंडेसर जयरामचा निकाल लावणार होते तोही नेमका त्याच दुपारी.

डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापल्याशिवाय मृदुंग बोलत नाही, नुसता खोकतो. आजवर जयराम ते काम आंघोळीसारखं दार लावून उरकायचा, त्यामुळे बँडमध्ये कुणाला पत्ताच नव्हता. आज तो कणकेचा डबा ओट्यावर ठेवून पाय धुवायला गेला. प्रभाताईंना, म्हणजे बँडमध्ये टाळ वाजवणाऱ्या अंबाजोगाईच्या नर्सबाईंना, कणीक दिसली आणि समोर उपाशी माणूसही दिसला.

"ताई, ती वाजवायची होती!"

"अरे बाबा, मला काय माहीत? दोनच झाल्या. सर कसे आवडीनं खायलेत बघ."

सर खरंच बोटं चाटत होते. टुंडेसर नायजेरियाचे, शाळेत फिजिक्स शिकवायचे आणि बँडमध्ये गिटार वाजवून गायचे. त्यांचं अफ्रोबीट म्हणजे एकच ताल अर्धा तास धरून गुडघ्यांना हैराण करणारं प्रकरण. त्यात सफिया भलाथोरला सॅक्सोफोन घुमवायची. सफिया दातांची डॉक्टर, शॅले तिच्या वडिलांचं. तिच्या शहरातल्या, रुमैथिया भागातल्या घरी एसी दुरुस्त करताना जयराम डक्टवर भजनाचा ठेका वाजवत बसला होता. तिने एसीआधी त्यालाच बँडमध्ये बसवला.

तोपर्यंत सात वर्षं मृदुंगाने बॅचलर खोलीत डबा ठेवायच्या स्टुलाची नोकरी केली होती. "हल्ली तुम्ही फक्त कॉम्प्रेसरबद्दल बोलता," असं बायको, रुपाली, देवरुखहून म्हणायची. गेले तीन आठवडे मात्र तो तिला फोनवर मृदुंगाचे बोल म्हणून दाखवत होता आणि ती भांडी घासता घासता "पुन्हा म्हणा" म्हणत होती.

पण येत्या गुरुवारी कुवेत शहरात, दस्मानला कार्यक्रम होता आणि टुंडेसरांकडे लॅपटॉपमधला ढोलवादक होता. तो सुट्टी मागत नाही, पाय धूत नाही. सरांनी ठरवलं होतं की आज दोघांना एकत्र वाजवायचं आणि एकालाच ठेवायचं.

शॅलेत पीठ नव्हतं. फ्रीजमध्ये फडक्याखाली स्वयंपाक्याने ब्रेडसाठी मळलेला गोळा मिळाला. जयरामने तोच थापला. गारव्याने कातडं सैल पडू नये म्हणून त्याने एसीही बंद करायला लावला. एसी मेकॅनिकने असं सांगितलेलं कुवेतच्या इतिहासात कुणी ऐकलं नसेल.

सुरुवात झकास झाली. आठव्या मिनिटाला गोळा फुगू लागला.

त्यात यीस्ट होतं आणि हॉलमध्ये चाळीस डिग्री. गोळा पसरला तसा मृदुंगाचा सूर खाली बसत गेला, पाटावर आजोबा बसतात तसा, टप्प्याटप्प्याने. जयरामला घाम फुटला. थांबला तर संपला, आणि वाजवला तर सूर अजून खाली. तो वाजवत राहिला.

सफियाने ओठ सैल सोडून सॅक्सोफोनचा सूर खाली आणला. टुंडेसर गाता गाता गिटारची खुंटी पिळत होते. "वजन वाढलेलं नाही," ते गाण्याच्याच चालीत ओरडले, "मग सूर उतरतो कसा? हे अशक्य आहे!"

"सर, मला काय सांगता? पिठाला सांगा!"

प्रभाताई टाळ वाजवत खदखदा हसत होत्या. सगळा बँड जयरामच्या मागे एकेक पायरी उतरत गेला आणि तळाशी पोचल्यावर ताल असा काही घुमला की खिडकीच्या काचा थरथरल्या. फक्त लॅपटॉपमधला ढोलवादक वर जिन्यात एकटाच उभा राहिला होता. हॉलमध्ये बेसूर तेवढा तोच.

टुंडेसरांनी गाणं न थांबवता पायाच्या अंगठ्याने लॅपटॉप मिटला.

गाणं संपायला अजून सोळा मिनिटं लागली. जयरामचा डावा हात मनगटापर्यंत ब्रेडमध्ये होता. त्याला विचारायचं होतं, पण धीर होईना.

"गुरुवारी दोन डबे आण," टुंडेसर म्हणाले. "एकात हे फुगणारं. दुसऱ्यात ते दुपारचं, माझ्यासाठी."

"तूप मी आणते," प्रभाताई म्हणाल्या.

जयरामने उजव्या हाताने रुपालीला फोन लावला. डावा अजून सुटत नव्हता.